चौथे मॅलेट

उद्याच्या सामन्यासाठी ओवी मॅलेट निवडत होती आणि हेमा दूर उभी राहून पाहत होती. प्रत्येक लाकडी हातोडा उचलून ओवी त्याचा तोल अजमावी आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या हातांवर खिळत. खडकीच्या वसाहतीतल्या क्लबच्या हिरवळीवर सुट्टीत क्रोके सुरू झाल्यापासून हेच चालले होते. मॅलेटने टोलवून कमानीतून चेंडू काढणे हेमालाही जमे. पण जोडी ओवी आणि वरदची. हेमा राखीव.

"अरे, हे तर तडकलंय!" ओवी म्हणाली. दुसरेही तडकले होते. चारही!

क्लबचे चिटणीस बाळकाका धावत आले. पोरांनी दगडांवर आपटली असणार, असा निवाडा त्यांनी तिथेच दिला. "मॅलेटची जबाबदारी ओवीची. तेव्हा उद्या ओवी बाहेर. हेमा खेळेल."

हेमाने पंधरा दिवस मनात जपलेली इच्छा अशी अचानक पुरी झाली. ओवी खाली मान घालून मॅलेटे ओळीत लावत राहिली.

तेव्हा हेमाला चौथे मॅलेट दिसले. ते तिचे, राखीव खेळाडूसाठी बाजूला ठेवलेले; सराव ती इतरांच्या मॅलेटने करी. चेंडूला एकदाही न लागल्याने त्याची चकाकी तशीच होती, तरी तेही तडकले होते. शिवाय चारही दांड्यांवर एकाच उंचीपर्यंत शेवाळाचा हिरवा डाग होता, क्लबमागच्या हौदातल्यासारखा. हे दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते. राखीव खेळाडूच्या मॅलेटकडे कोण पाहणार? उद्या खेळायला नुसते गप्प राहिले तरी पुरे होते.

"काका," ती सावकाश म्हणाली, "आमच्या कुदळीचा दांडा सैल झालाय. काय करायचं हो?"

सल्ला म्हणजे काकांचा जीव. "सोपं आहे. दोन दिवस पाण्यात बुडवायची. लाकूड फुगतं, दांडा घट्ट बसतो. ही मॅलेटंसुद्धा मीच हौदात..."

काकांची नजर दांड्यांवरच्या हिरव्या डागाकडे गेली.

"मग उन्हात वाळवलीत?" वरदने विचारले. "मे महिन्याच्या?"

काकांनी कान पकडले, ओवीची माफी मागितली आणि तिला पुन्हा जोडीत घेतले. त्याच संध्याकाळी तिघांना घेऊन त्यांनी खेळसाहित्याचे दुकान गाठले. "हेमा, तुझी नजर पक्की आहे. आज निवड तू करायचीस."

हेमाने एकेक मॅलेट तोलून पाहिले. सर्वांत चांगले हाती आले, तेव्हा बराच वेळ तिला ते सोडवेना. राखीव असल्याचा सल अजून मनात होताच. शेवटी तिने ते ओवीपुढे धरले.

"घे. पण नीट खेळ. राखीव मी आहे, लक्षात ठेव."