चिंचेनं धुतलेलं पितळ

"मैत्रीताई, क्लबात ह्यांना बसवून ठेवलंय. कागदावर सही मागतायत. चार वाजेपर्यंत." सायराचा आवाज तुटत होता. "सही केली की जेल, ताई."

मैत्री तायडेनं हातातला व्हॉल्व खाली ठेवला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

आखातातल्या सलमाबादच्या त्या गल्लीत मैत्रीची टेस्टिंग लॅब आणि सायराच्या नवऱ्याची, कमालची खोली समोरासमोर. कमाल दापोलीकडचा. अकरा वर्षं तो एका खासगी शूटिंग क्लबची रायफलची काडतुसं हातानं भरत होता. वापरलेली पितळी पुंगळी धुवायची, मापात आणायची, बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी. लायसन क्लबचं, हात कमालचे.

चार दिवसांपूर्वी त्यातलं एक काडतूस यासीन मुकादम नावाच्या मेंबरच्या रायफलीत फुटलं. गरम वायू उलटा मागे आला आणि उजव्या डोळ्यात गेला. सगळ्यांनी एका तासात निकाल लावून टाकला. कमालनं दारू जास्त घातली.

मैत्रीनं भिंग पर्समध्ये टाकलं आणि गाडी काढली. ऑगस्ट होता. स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता.

क्लबच्या ऑफिसात एसी इतका जोरात होता की अंगावरचा घाम गार पडला. टेबलामागे मॅनेजर शब्बीर, म्हसळ्याचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट. बाजूला यासीन, डोळ्यावर पट्टी, मांडीवर पुठ्ठ्याचा डबा. मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठक, सांभाळणारा ओवैस कॉफी ओतत होता. कमाल भिंतीला टेकून उभा. त्याचं रेसिडेंट आयडी कार्ड शब्बीरनं काढून घेऊन ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. त्याला खुर्ची कुणी दिली नव्हती. खोलीत तीन रिकाम्या होत्या.

"ही कोण?" यासीननं विचारलं.

"कमालची वकील असेल," शब्बीर हसला.

"वकील नाही. मी धातू तपासते."

"व्हॉल्व तपासते ती," शब्बीर यासीनला म्हणाला. "नळ, पाइप. आता आम्हाला बंदूक शिकवणार. मॅडम, इथं प्लंबिंगचं काम नाही."

"माझे वडील एकतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात पुंगळ्या तपासत होते. तुम्ही चड्डीत होतात तेव्हा मी जेवणाच्या ताटाशेजारी फुटक्या पुंगळ्या ओळखत होते. पुढं?"

"माझा डोळा गेलाय, बाई," यासीन म्हणाला. "तुझ्या बापाची कहाणी नको. ह्याला जेल हवी मला. चारला मी पोलिसात जाणार. कागद घेऊन, नायतर कागदाशिवाय."

"पावणेचारपर्यंत माझं ऐका. मग खुशाल जा."

ओवैसनं तिच्यासमोर पेला ठेवला. पितळी दल्ला, लांब चोचीचं ते कॉफीचं भांडं, सोन्यासारखा चमकत होता. नक्षीच्या खाचांमध्ये तेवढी पांढरी भुकटी अडकून राहिली होती.

"फुटलेली पुंगळी कुठंय?"

यासीननं डबा उघडला. "त्याच संध्याकाळी मी पोराकरवी डबा घरी नेला. माझा भरवसा कुणावर नाय. फुटलेली हाय, आणि न झाडलेली तेरा."

मैत्रीनं फुटलेली पुंगळी भिंगाखाली धरली. चीर उभी होती. मानेपासून निघून अंगावरून थेट बुडापर्यंत. टोपी मात्र गोल कडेची, फुगीर. तिच्यावर रायफलीच्या पिनेनं पाडलेला खड्डा मधोमध नव्हता, थोडा एका कडेला सरकलेला.

"आणि ह्या बघा," शब्बीरनं ड्रॉवरमधून तीन पुंगळ्या काढून आपटल्या. "फुटायच्या आधीच्या. त्याच डब्यातल्या. टोप्या बघा, रुपयासारख्या सपाट. बुडावर ओरखडे. दाब जास्त होता, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"बरोबर. ह्या तिन्ही जास्त दाबाच्याच आहेत."

कमालनं मान वर केली. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं.

"ऐकलंस?" शब्बीर म्हणाला. "तुझीच माणूस बोलतेय."

"ह्या उचलल्या कुणी?"

"मी. स्वतः. रेंजवरून, यासीनभायच्या पायाशी. तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये, चावी माझ्या खिशात. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. लिहून घ्या पाहिजे तर."

"घेतलं." तिनं खरंच लिहून घेतलं. "यासीनभाई, फुटायच्या आधी किती झाडल्या?"

"सहा."

"झाडल्यावर पुंगळी काढताना रायफलीचा मागचा बोल्ट उघडायला जड जात होता?"

"नाय. लोण्यात सुरी."

"एकदाही अडकला नाही?"

"सांगितलं ना, नाय!"

मैत्रीनं तेही लिहून घेतलं. ती कमालकडे वळली. "पुंगळ्या कशानं धुता?"

शब्बीर टेबलावर थाप मारून हसला. "सांग, सांग! चिंचेनं! आईनं हंडा घासावा तसा. मी किती वेळा सांगितलं, हे असलं गावठी चालणार नाही. मळकट दिसतात. पाहुण्यांसमोर ठेवायची लाज वाटते."

"चिंचेच्या पाण्यात भिजवतो," कमाल म्हणाला. "मग तीनदा साध्या पाण्यात काढतो, सुकवतो. अकरा वर्षं. पितळ साफ होता, पण चकाकत नाय. जरा गुलाबी, मंद दिसता."

"आणि ही?" तिनं न झाडलेलं एक काडतूस त्याच्यापुढे धरलं.

कमालनं ते बोटांत फिरवलं. आरशासारखं होतं. त्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. "भरलेला माझाच हाय. गोळी माझ्याच खोलीवर बसवलेली. पण हा रंग माझा नाय." मग त्याची नजर डब्याकडे गेली. "चिठ्ठी कुठं गेली?"

"कसली चिठ्ठी?"

"झाकणावर लावतो मी. प्रत्येक डब्यावर. हिंदीत आणि इंग्लिशमध्ये."

झाकणावर हाताएवढा चौकोन उरला होता. पुठ्ठ्याचा वरचा थर सोललेला, कडेला गोंद.

"गरमीनं निघाली असेल," शब्बीर म्हणाला. "खलास, आता सही. सव्वातीन झाले."

"दारू तोलू या. तेरातली पाच कमालभाई इथंच उघडतील. काटा तुमचा, नजर यासीनभाईंची."

काटा आला. कमालनं पाच काडतुसांच्या गोळ्या उपसल्या. एक कण सांडला नाही. पाचही माप नेमकं. कमालच्या वहीत होतं तेवढंच.

"ह्यानं काय होतं?" शब्बीर ओरडला. "ह्या पाचांत बरोबर असेल. फुटलेल्यातच जास्त होती!"

"होऊ शकतं," मैत्री म्हणाली. "म्हणूनच मी दारूचं बोलत नाही. पितळाचं बोलते. ओवैसभाई, बसा. तुम्हालाही विचारायचंय."

ओवैस पन्नाशीचा, महाडचा. तो बसला नाही. दल्ला तसाच हातात धरून उभा राहिला.

"यासीनभाई, हे भिंग घ्या. चांगल्या डोळ्यानं उरलेल्या आठांची मान बघा. न झाडलेल्या आहेत ना?"

यासीननं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दुसरं उचललं. तिसरं.

"केसासारखी चीर हाय. ह्यालापण. आणि ह्याला."

"किती?"

"आठांत पाच."

"ही काडतुसं रायफलीत गेलीच नाहीत. एकही झाडलं नाही. मग कुठल्या दाबानं चिरली?"

यासीननं चिरलेली पाच बाजूला काढून ठेवली.

"कमालभाईंनी कितीही दारू ओतली असती तरी न झाडलेली पुंगळी चिरत नाही. म्हणजे दाबाचा प्रश्नच नाही. पितळ आधीच मेलं होतं. फुटलेली पुंगळी तेच सांगते. दाब जास्त असता तर टोपी चपटली असती. तिची टोपी गोल आहे. नेहमीच्याच दाबानं चिरलेलं पितळ उघडलं."

"मग चिंचेनंच सडलं!" शब्बीर म्हणाला. "आम्ही तेच म्हणतोय! गुन्हा ह्याचाच!"

"चिंचेनं असं चिरत नाही. पितळ असं चिरतं फक्त एका गोष्टीनं, अमोनियानं. मानेला आधीच ताण असतो, गोळी घट्ट धरलेली असते. त्यावर अमोनिया लागला, इथली दमट हवा मिळाली की महिना-दोन महिन्यांत आतून उकलतं. बर्फाच्या कारखान्यांतले पितळी नळ मी दर वर्षी असेच बाद करते. प्लंबिंग म्हणालात ना? तेच कामाला आलं." तिनं काडतुसाच्या बुडाची खाच भिंगाखाली फिरवली. "इथं काय आहे, यासीनभाई?"

"पांढरी भुकटी."

"ओवैसभाई, दल्ला इकडं द्या."

ओवैसनं दिला नाही. मैत्रीनं तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि काडतुसाशेजारी ठेवला. नक्षीतली भुकटी आणि खाचेतली भुकटी. तीच.

"दल्ला कशानं घासता?"

"डब्यातला पॉलिश," ओवैस पुटपुटला. "नाकात झोंबतो तो."

"अमोनिया. भांड्याला चालतं. भरलेल्या काडतुसाला विष आहे. कधी घासलीत?"

"मे महिन्यात. कुवेतचे पाहुणे येणार होते." ओवैसच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला काय कळतं बाई? मला सांगितलं, दल्ल्यासारखी चकाकली पाहिजेत. मी सबंध दुपार घासली. चांगलं काम केलं असंच वाटलं मला."

"कुणी सांगितलं?"

त्यानं शब्बीरकडे पाहिलं.

"खोटं बोलतोय!" शब्बीर उभा राहिला. "स्वतःच्या डोक्यानं केलं आणि माझ्यावर ढकलतो! ओवैस, तुझा व्हिसा कुणाच्या सहीनं आहे, विसरलास?"

"सांगितलं की नाही ह्यावर मी वेळ घालवत नाही," मैत्री म्हणाली. "ही चूक होती. अडाणीपणाची, पण चूक. गुन्हा पुढं आहे. ह्या तीन पुंगळ्यांत."

तिनं त्या तीन सपाट टोप्यांच्या पुंगळ्या फुटलेलीशेजारी उभ्या केल्या.

"तुम्ही म्हणालात, यासीनभाईंच्या रायफलीतल्या. इतक्या दाबानं पुंगळी आत फुगून चिकटते, बोल्ट हातोडीनं उघडावा लागतो. यासीनभाईंचा लोण्यात सुरीसारखा उघडत होता. हा पहिला खोटेपणा."

"यासीनभायला काय आठवतंय! धक्का बसला होता!"

"मग रायफलला विचारू. यासीनभाईंच्या रायफलीची पिन एका कडेला मारते. फुटलेल्या पुंगळीवर बघा, खड्डा सरकलेला. ह्या तिन्हींवर खड्डा बरोबर मधोमध. ह्या त्या रायफलीतून झाडलेल्याच नाहीत. कुठल्या जुन्या बादलीतून काढल्या, तुम्हाला माहीत. कुणाची काडतुसं उन्हात गाडीत तापली असतील आणि दाब चढला असेल तेव्हाच्या असतील."

यासीननं पुंगळ्या एकेक करून उचलल्या. भिंग लावलं. त्याचा जबडा आवळला.

"मधोमध हाय," तो म्हणाला. "तिन्हीवर."

"आणि ह्या कुणी उचलल्या, कुणाच्या ड्रॉवरमध्ये होत्या, चावी कुणाच्या खिशात, दुसऱ्या कुणाचा हात लागला का?" मैत्रीनं वही उघडून शब्बीरसमोर धरली. "मी लिहून घेतलंय. तुम्हीच सांगितलंत."

शब्बीर खाली बसला.

"कमालभाई, त्या चिठ्ठीवर काय असतं?"

"पॉलिश लावू नका." कमाल पहिल्यांदा भिंतीपासून सुटला. "फक्त कोरड्या कापडानं पुसा. बस, एवढाच."

"काडतूस फुटलं. शब्बीरनी डबा उचलला, झाकणावर ती ओळ दिसली. मे महिन्यात आपण काय करायला लावलं ते आठवलं. चिठ्ठी फाडली. डबा गायब करायच्या आत यासीनभाईंनी तो घरी नेला. मग उरलं एकच. दारू जास्त होती असं दाखवायचं आणि ज्याला कुणी खुर्ची देत नाही त्याच्या गळ्यात घालायचं."

पावणेचार झाले होते. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"यासीनभाय," शब्बीरचा आवाज मऊ झाला, "क्लबची इज्जत होती. नाव गेलं असतं तर सगळ्यांचाच रोजगार..."

"माझा डोळा होता," यासीन म्हणाला. "मी चार दिवस चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या. रुग्णालयाच्या खाटेवरून, तुझ्या सांगण्यावरून."

त्यानं टेबलावरचा टाइप केलेला कागद ओढला. तक्रार पूर्ण होती. तारीख, रायफल, जखम, सगळं, खाली 'गुन्हा कबूल आहे' आणि सहीसाठी मोकळी जागा. त्यानं पेन घेऊन कमालचं नाव खोडलं. इतक्या जोरात की कागद फाटला. वर शब्बीरचं लिहिलं. मग ओवैसकडे न बघता म्हणाला, "तू माझ्याबरोबर यायचं. मला सांगितलंस ते तिथं सांगायचं. व्हिसाचं मी बघतो."

शब्बीर कमालकडे वळला. त्याच्या कपाळावर त्या एसीतही घाम होता.

"कमालभाय, आपण एकाच मुलखातले. तू सांग यासीनभायला. घरात मिटवू. तुझी नोकरी कायम करतो, पगार..."

कमालनं आधी ड्रॉवर उघडला. आतलं आपलं रेसिडेंट आयडी कार्ड घेतलं, शर्टाच्या खिशात ठेवलं, वरून बटण लावलं. मग एक खुर्ची ओढली, टेबलासमोर आणली आणि शब्बीरच्या तोंडासमोर बसला.

"मुलूख आता आठवला काय?" तो म्हणाला. "मघाशी गावठी होतो मी. सही कर. मी बगत बसतो."