टीचर पाजा

"हसू नका."

"मी हसतच नाहीये."

"ओठ नाही… डोळे हसताहेत. व्हिसाचा फोटो परत येईल."

आधीच एकदा परत आला होता, म्हणून तर पनवेल स्टेशनजवळच्या या स्टुडिओत मी शिरले होते. हनोईतल्या एका शाळेत मी लहान मुलांना इंग्रजी शिकवते. त्याआधी दोन वर्षं बँकॉकला होते. सुट्टी लागली की पाठीवर बॅग टाकायची आणि दिसेल त्या बसमध्ये चढायचं… घरी, पनवेलला, फक्त तीन आठवडे.

फोटोग्राफरचं नाव भावेश. मोरा बंदरावरचा कोळी. गिऱ्हाइकांशी अगदी शुद्ध बोलायचा. चौथ्या भेटीत माझ्याशी 'हाय-नाय'वर आला, तेव्हा मला उगाचच आनंद झाला. चौथी भेट कशासाठी? फोटो तर पहिल्याच दिवशी मिळाले होते!

एका रविवारी आम्ही मोऱ्याच्या धक्क्यावर बसलो होतो. मुंबईची लाँच नुकतीच सुटली होती.

"तुजी पोरं तुला काय हाक मारतात?"

"टीचर पाजा. 'पद्मजा' जमत नाही त्यांना."

"काय पाजू? चहा?"

मी इतकी हसले की जाळी विणणारे म्हातारेही वळून बघायला लागले. तो मात्र माझ्याकडेच बघत राहिला… आणि मग एकदम पाण्याकडे.

त्याची आई, गंगाबाई, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची. वडील नव्हते. तिच्यासाठीच त्यानं पनवेलला बिऱ्हाड केलं होतं. एकदा दवाखान्यात मी तिच्यापाशी बसले. झोप लागेपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "चल ना माझ्याबरोबर."

"आईला कोनाच्या भरवशावर सोडू?"

"मग… मी राहते."

तो कितीतरी वेळ लेन्स पुसत राहिला. "नको. आज ऱ्हाशील, उद्या खिडकीत बसून इमानं बघशील. मला ते बघवनार नाय."

मी गेले. रोज संध्याकाळी फोन व्हायचा. पण नवं गाव बघताना आता मजा वाटेना; तिथलं सगळं त्याला सांगायची घाई तेवढी असायची. आठ महिन्यांनी त्याचे फोन तुटक झाले. आईचं दुखणं वाढलं असेल, म्हणून मी जास्त विचारलं नाही. सरळ राजीनामा दिला. कुणालाच सांगितलं नाही. त्याला अचानक गाठायचं होतं.

त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आई गेली, पाजा. तेरा दिवस झाले."

"आणि मला आत्ता सांगतोस?"

"तू धावत आली असतीस."

"आलेच असते!"

"म्हनूनच…" तो थांबला. "तिच्या डोळ्यांदेखत माजा साखरपुडा झाला. मोऱ्याचीच हाय, कीर्ती. तिनं आईचं लय केलं. आईनं हात जोडले… मला नाय म्हनता आलं नाय."

खाली स्कूटरींचा गोंगाट चालला होता. मी खिडकी लावून घेतली.

"पाजा… तू कदी येनार?"

"इतक्यात नाही," मी म्हटलं. "इथं छान चाललंय माझं."

"खरंच?"

"अगदी खरं."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेकडे जाऊन राजीनामा परत मागितला. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, काही न विचारता कागद हातात ठेवला. मी वर्गात गेले. वीस मुलं उभी राहून ओरडली, "गुड मॉर्निंग, टीचर पाजा!"

फळ्याकडे तोंड करून मी तारीख लिहायला घेतली. बराच वेळ लिहीत होते.