चार फावडी कोळसा, एक फावडं तूस

आमच्या भट्टीचा भडका असा, की वरून जाणारे बगळे भाजूनच खाली पडायचे. खोटं वाटतं? वाटू दे. पण भट्टी पेटवणाऱ्या शाफ्रिलच्या भुवया गेल्या हे खरं. आणि त्या मीच घालवल्या.

आमच्या सावालुंतो गावच्या डोंगरात कोळसा, खाली आईची भातगिरणी. मामांच्या वीटभट्टीवर मी तुसाचं पोतं घेऊन गेले आणि ते फाटलं — सगळं तूस एका पाठमोऱ्या माणसावर! तो वळला. कोळशाने काळा, वर सोनेरी तूस... डोळे तेवढे हसत होते.

"बाई, भट्टी तिकडे आहे. मी अजून पेटलेलो नाही."

"दिसतंय. सकाळपासून नुसता धूर काढताय."

तो कोळसा हट्टी; पेटायला दुपार व्हायची. मग मी रोजच तूस नेऊ लागले.

"थोडं मिसळून बघा ना, शाफ्रिल."

"हे? भुर्रकन जळून जाईल."

"जळेल तरी! काही जण तेवढंही करत नाहीत."

आमच्यात मागणी मुलीकडचे घालतात. शुक्रवारी मामा माझ्यासाठी विड्याचं तबक घेऊन तालावी गावच्या शिंप्याकडे निघणार होते. मला हवा होता शाफ्रिल. पण तबक त्याच्याकडे नेलं आणि तो नाही म्हणाला, तर घराची नाचक्की; म्हणून मामांना आधी त्याच्या होकाराचा एक शब्द हवा होता. आणि हा पठ्ठ्या... तोंड उघडेल तर शपथ!

गुरुवारी रागारागाने मी निम्मं तूस, निम्मा कोळसा भट्टीच्या तोंडात ढकलला. बगळे सांगितलेच. भुवयाही तेव्हाच गेल्या. क्षणात तूस संपलं. कोळसा जेमतेम एका कोपऱ्यात लाल.

 शाफ्रिलने तो कोपरा नीट निरखला. मग फावडं उचललं — चार कोळशाची, एक तुसाचं. तूस आधी पेटलं, त्याच्या आचेने कोळसा... संध्याकाळी भट्टी पोटातून लालबुंद.

"रोसमानी, मामांना सांग —"

"काय?"

"तबक... इकडे वळवा म्हणावं. शिंप्याच्या भुवया शाबूत आहेत, त्याला दुसरी मिळेल."

भुवया पुन्हा आल्याच नाहीत. रोज सकाळी मीच काजळाने काढायची. डावी नेहमी जरा वर जायची, त्यामुळे नवरा चाळीस वर्षं माझ्याकडे नवलाने बघतोय असं गावाला वाटायचं.

आता तो नाही. पण काजळाची डबी मी अजून भरून ठेवते.