अकरा शनिवारच्या सह्या

दोन दारांच्या मध्ये जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा होती, आणि ती दोघं पहिल्यांदा समोरासमोर आली ती नेमकी तिथेच.

बियाणं तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत उगवणकक्षाला एकामागे एक अशी दोन दारं होती. आतला ओलावा बाहेर जाऊ नये म्हणून एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, असा तिथला नियम. तिला तो कुणी सांगितलाच नव्हता. नोकरीचा पहिला दिवस, दोन्ही हातांवर ओल्या कागदांचा ट्रे, आणि ती आपली खांद्याने आतलं दार ढकलतेय. दार हलेना. काचेपलीकडून एक चेहरा तिच्याकडे बघत होता. ओले केस, कपाळावर आठी.

"मागचं!" तो काचेतून ओरडला.

"काय?"

"मागचं दार लावा आधी!"

तिने टाचेने मागचं दार लोटलं. तेव्हा कुठे आतलं उघडलं आणि तो बाहेर, म्हणजे त्या चिंचोळ्या जागेत, तिच्यापुढे येऊन उभा राहिला. मध्ये फक्त ट्रे. त्याच्या पापण्यांवर बारीक तुषार होते.

"आत पाऊस पडतो का हो?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"दर वीस मिनिटांनी. छत्री चालत नाही." तो हसला नाही, पण आठी जरा सैल झाली. मग ट्रेकडे बघून म्हणाला, "किती आहेत?"

"चारशे. शंभराचे चार भाग."

"पुन्हा मोजा."

"मोजलेत मी."

"मग तर पुन्हा मोजायला हरकतच नाही."

ऑफिसात त्याला सगळे 'फेरमोजणी' का म्हणत, ते तिला पहिल्याच दिवशी कळलं.

कामही मोजण्याचंच होतं म्हणा. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, उगवणकक्षात ठेवायच्या आणि ठरल्या दिवशी कोंब मोजायचे. काकडीला आठ दिवस, सूर्यफुलाला दहा. तेवढ्यात उगवली ती पास, नाही उगवली ती मेलेली. तिने मोजलेलं तो पुन्हा मोजायचा. समोर बसून, चिमट्याने एकेक कोंब उचलून, शांतपणे. तिला राग यायचा. पण चिमटा परत देताना तो टोक स्वतःकडे आणि मूठ तिच्याकडे करून द्यायचा, हेही तिच्या लक्षात आलं होतं. एवढं कोण बघतं?… ती बघत होती.

"ही का नापास केलीत?"

"मुळी कुठाय हिला?"

"आहे की. लाजतेय फक्त. जरा मान वळवून बघा."

तिने मान वळवली. मुळी खरंच होती, कागदाच्या सुरकुतीत दडलेली. वर पाहिलं तर तो बीकडे बघतच नव्हता. दोघांनी एकदम खाली पाहिलं, आणि पुढचे वीस-पंचवीस कोंब कुणी मोजले, कसे मोजले, देव जाणे.

असे अडीच महिने गेले. मग तो मंगळवार आला.

त्या दिवशी त्याने तिचा सूर्यफुलाचा ट्रे तिसऱ्यांदा मोजायला घेतला, तोही चारचौघांत. ती उठून चहाला गेली. चहाच्या टेबलावर कोठी सांभाळणाऱ्या ताई होत्या. त्यांना सगळे कोठीताईच म्हणत. त्यांच्या कोठीत बियाणं मोजकं, बातम्या पोत्यांनी. शेजारी नमुन्यांच्या चिठ्ठ्या लिहिणारे काका बशीत चहा ओतत होते.

"काय गं, रडवलं वाटतं आज त्यांनी?" कोठीताईंनी विचारलं.

"रडतंय कोण! माझे दाणे तीन-तीनदा मोजतात. आणि स्वतः दर शनिवारी खिशात पुड्या घालून घरी नेतात, त्या कोण मोजतं?"

काकांना हसताना ठसका लागला. कोठीताईंनी टाळीसाठी हात पुढे केला, आणि तिने टाळी दिली. त्या क्षणी तिला फार बरं वाटलं होतं. पुढे कितीतरी दिवस तिला हेच सगळ्यात जास्त टोचत राहिलं. बोलून गेल्यापेक्षाही, बोलून बरं वाटलं हे.

मंगळवारची पुडी बुधवारी पिशवी झाली. गुरुवारी ती पिशवी एका व्यापाऱ्याच्या दारात पोचली. शुक्रवारी तर फेरमोजणीने त्या व्यापाऱ्याची नापास बियाणी पास करून गावाबाहेर प्लॉट घेतल्याचं, आणि प्लॉटवर विहीरही लागल्याचं ठरलं!

"अहो, मी असं नव्हते म्हणाले," ती कोठीताईंना म्हणाली.

"तू कशाला म्हणशील? लोकच म्हणतायत. मी तर कुणाला काही सांगतच नाही," असं म्हणून कोठीताई पुढच्या टेबलाकडे वळल्या.

प्रमुख मॅडम नव्या होत्या, जुने साहेब निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांपूर्वी आलेल्या. त्यांनी शुक्रवारी दुपारी त्याला बोलावून घेतलं. सोमवारी चौकशी, तोवर उगवणकक्षात पाऊल ठेवायचं नाही. त्याच्या बढतीचा कागद सहीला आला होता, तो ड्रॉवरमध्ये गेला. तो बाहेर आला तेव्हा ती दारातच उभी होती. तो ओरडला असता तर तिला सोसलं असतं. त्याने नुसतं पाहिलं, हिशेब चुकलेल्या माणसासारखं.

"तुम्ही तरी…" एवढंच म्हणाला, आणि गेला.

'तुम्ही तरी' म्हणजे काय, ते तिला कळेना.

ते कळलं शनिवारी. टाकून द्यायच्या बियांची एक नोंदवही होती. दर शनिवारी साडेबाराला तो ती भरायचा आणि साक्षीदार म्हणून तिच्यापुढे सरकवायचा. तिचं लक्ष तेव्हा पर्समध्ये आणि बसच्या वेळेत. बोट ठेवील तिथे सही करून ती मोकळी व्हायची. आज तो नव्हता, म्हणून नोंद तिलाच करायची होती. कशी लिहितात ते बघायला तिने मागचं पान उलटलं.

'काकडी. न उगवलेल्या बिया चौदा. औषध न लावलेल्या. साहेबांच्या लेखी परवानगीने पुढील निरीक्षणासाठी घरी नेल्या.' खाली त्याची सही. शेजारी 'साक्षीदार', आणि तिची सही.

आधीचं पान. सूर्यफूल, नऊ. तिची सही. त्याआधीचं… त्याही आधीचं… अकरा शनिवार, अकरा सह्या. तिच्या नावाखाली तिने स्वतःच मारलेली ती ऐटबाज रेघ. पहिल्याच पानाला जुन्या साहेबांचं परवानगीचं पत्र टाचलेलं. पत्रही तिने कधी पाहिलं नव्हतं.

तिचे कान तापले, मग गाल. खोलीत कुणी नव्हतं, तरी तिने पदर सावरल्यासारखी ओढणी घट्ट ओढून घेतली. म्हणजे त्याला वाटलं होतं, हिला सगळं माहीत आहे. माहीत असून हिने…

तिने वही उचलली. मॅडम बैठकीला गेल्या होत्या. त्यांच्या रिकाम्या टेबलावर तिने वही उघडी करून ठेवली, ते पान वर येईल अशी, आणि कुणी बघायच्या आत घरी निघून आली. झालं काम. तो सुटला. बोलणारी म्हणून आपलं नाव कुठे आलं नाही.

पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि हात जोडले, तर रोजचे शब्दच येईनात. मागायला तोंडच नव्हतं.

आईने मागून विचारलं, "कुणी काही बोललं का गं तुला?"

"नाही. मीच बोलले."

मग तिने सगळं सांगितलं. टाळीसुद्धा. आई थोडा वेळ वातच सारखी करत बसली.

"इथे काय सांगतेस बाई, याला तर ठाऊकच आहे," ती देवाकडे बघून म्हणाली. "जिथे बोललीस तिथे जाऊन सांग."

"आई, सगळ्यांसमोर?"

"बोललीस तेव्हा कोण कोण होतं?"



सोमवारी चौकशीच्या आधी ती मॅडमसमोर उभी राहिली. वही तशीच उघडी होती.

"ही इथे कुणी ठेवली?"

"मी."

"मग शनिवारीच का नाही बोललात?"

"लाज वाटली, मॅडम. ती पुड्यांची गोष्ट… ती माझ्यापासून सुरू झाली. मी काही वाचलं नव्हतं, काही विचारलं नव्हतं. रागात बोलले."

मॅडमनी चष्मा काढला. "वाचता येतं ना तुम्हाला?"

"हो."

"मग अकरा वेळा काय केलंत?"

"सही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

"लेखी द्या. तुमच्या फाइलला लागेल ते, आधीच सांगते."

तिने लेखी दिलं. खाली ऐटबाज रेघ न मारता, साधी सही केली. मग चहाच्या वेळी ती टेबलापाशी गेली. बसली नाही. तोही होता, कोपऱ्यात, एकटाच, खिडकीकडे तोंड करून.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. कप खाली ठेवल्याचे आवाज आले. "मंगळवारी मी यांच्याबद्दल जे बोलले, ते खोटं होतं. त्या टाकाऊ बिया ते परवानगीने नेतात, दर आठवड्याला लिहून नेतात, आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही असते. मी न वाचता करत होते. चूक माझी आहे. पुढचं कुणी काय जोडलं ते मला माहीत नाही, पण मूळ माझं."

"अगं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं," कोठीताई हसत म्हणाल्या. "गंमत तर चालली होती. बरं, पण प्लॉटचं नक्की काय?"

"ताई, प्लॉट नाही. विहीर नाही. आणि यापुढे ज्यांच्याबद्दल बोलायचं ते समोर नसतील, तर मला त्यात धरू नका."

काकांनी बशी हलकेच कपाखाली सरकवली. तो खिडकीकडेच बघत राहिला.

दुपारी त्याला उगवणकक्ष परत मिळाला. ती ट्रे घेऊन गेली, मागचं दार लावलं, आणि आतलं उघडलं ते त्यानेच. पुन्हा ती दोन दारं, मध्ये ट्रे.

"मला माफ करा, असं म्हणायलाही…" तिने ते वाक्य तिथेच सोडलं. "टेबलावर सांगितलं ते सगळ्यांसाठी. तुम्हाला वेगळं सांगायचं होतं."

"अकरांपैकी एकही वाचलं नाहीत?"

"नाही."

"मी बाबांना सांगितलं होतं," तो हळू म्हणाला, "की ऑफिसात एकजण आहे, तिला ठाऊक आहे आपण या बियांचं काय करतो, आणि ती हसत नाही."

तिने मान खाली घातली. ट्रेमधल्या ओल्या कागदावर एक थेंब पडला. तो तुषारांचा नव्हता.

"काय करता त्यांचं?"

"बाबा शाळेत मास्तर होते. गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात आणि अर्धी वाचा गेली. डाव्या हाताने ते या बिया कुंड्यांत लावतात. नापासांचा वर्ग म्हणतात. आपण आठव्या दिवशी मेली म्हणतो ना, त्यातल्या काही अकराव्या दिवशी उगवतात. ते हजेरी घेतात." तो थांबला. "आज मला आणखी काही बोलता येणार नाही. राग आहे अजून. खोटं कशाला सांगू?"

"राहू दे राग," ती म्हणाली. "मी काही मागायला आले नाहीये."

तो आठवडा मोठा गेला. तो तिचे ट्रे मोजायचा, एकदाच, आणि चिमटा टेबलावर ठेवून द्यायचा. तिने दर वेळी तो स्वतः उचलला. कोठीताई तिच्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी, राहवेना म्हणून, स्वतःच्या जावेबद्दल बोलल्या.

शनिवारी साडेबाराला नोंदवही तिच्यापुढे सरकली. त्याने आज बोट ठेवलं नाही, नुसतंच पेन ठेवलं. तिची बस पाच मिनिटांत होती. तिने पर्स खाली ठेवली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

"'काकडी, न उगवलेल्या बिया सोळा,'" ती मोठ्याने वाचू लागली. "'औषध न लावलेल्या. लेखी परवानगीने घरी नेल्या.'" खालची ओळ पेन्सिलीने लिहिलेली होती, अक्षर तेच, पण जरा घाबरलेलं. "'साक्षीदाराने… कुंड्या प्रत्यक्ष पाहणे आवश्यक. रविवारी सकाळी. बाबा हजेरीला असतात.'"

ती थांबली. वर बघायचं धाडस होईना.

"पेन्सिलीने का लिहिलंय?"

"खोडता यावं म्हणून. तुम्हाला नको असेल तर." मग जरा वेळाने, "आणि एक… मलाही कबूल करायचंय. तुमचा सूर्यफुलाचा ट्रे."

"तिसऱ्यांदा मोजलेला?"

"तो पहिल्याच मोजणीत बरोबर होता. दुसऱ्यातही."

"मग तिसऱ्यांदा कशाला…"

"समोर बसायला दुसरं काही निमित्त सुचेना," तो म्हणाला. यावेळी त्याचे कान लाल झाले होते. "तुम्हाला राग येईल, चारचौघांत कमीपणा वाटेल, हे लक्षातच आलं नाही माझ्या. तेव्हा थोडं मूळ माझंही."

बाहेर तिची बस येऊन निघून गेली. तिने ती पेन्सिलीची ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा.

"तीनदा?" त्याने विचारलं.

"तुमच्याकडूनच शिकले," ती म्हणाली. तिने पेन उचललं आणि पेन्सिलीच्या त्या ओळीशेजारी शाईने सही केली. सावकाश. अक्षर अन् अक्षर वाचता येईल अशी.