उजव्या दिव्याची काच

धुक्यातून आधी एकच दिवा आला. दिवे होते दोन, पण उजवा इतका विझल्यासारखा की गाडी दुकानासमोरच्या पेट्रोल पंपाजवळ येईपर्यंत मला ती मोटरसायकलच वाटली. पांढरी जुनी कार होती. मागचं सीट काढून टाकलेलं, आणि त्या जागी वांग्यांची पोती.

२००७ चा जानेवारी. वर्धा जिल्ह्यातल्या जाम चौकात बाबांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तेव्हापासून हेडलाइटच्या काचा मीच घासायची. काच म्हणायची आपली पद्धत, असतं ते प्लास्टिकच. उन्हानं पिवळं पडतं, पुढे दुधाळ होतं. आधी पाणी मारून बारीक सँडपेपर फिरवायचा, मग पॉलिश, मग मऊ कापड.

उतरला तो पीयूष. समुद्रपूरकडचा, घरचा भाजीपाला हिंगणघाटच्या बाजारात नेणारा. चौकातले सगळे मला अंजूताई म्हणायचे. तो ताई म्हणाला नाही. नुसताच घुटमळला, आणि म्हणाला, "दोन्ही लाइट साफ करून द्या जी... काहीच दिसून नाई राह्यलं."

मी घासत होते आणि तो माझ्या बोटांकडे पाहत उभा होता. नजर वर केली की धुक्याकडे बघायचा.

घासलेली काच पुन्हा पिवळी पडायला सहा महिने तरी लागतात. पीयूष आठ दिवसांत परत आला. दोन्ही काचा दुधाळ. मी पुन्हा घासल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आणि सोबत मेथीची जुडी. तेव्हा मी डाव्या काचेवरून बोट फिरवलं. भांडी घासायच्या घासणीचे ओरखडे मला कळतात.

"तुमीच घासता नं हे?" मी विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "हाव..." म्हणाला. "इथं यायले दुसरं काही कारण सुचलंच नाई."

मला हसू आवरेना. पण तो हसत नव्हता. उजव्या दिव्याकडे बघत हळूच म्हणाला, "डावा मी घासला, अंजू. उजव्याले मी हातबी नाई लावला."

मी वाकून पाहिलं. उजवी काच बाहेरून गुळगुळीत होती, एक ओरखडा नाही. धूसरपणा आतून होता. आणि त्या धूसरपणात, आतल्या बाजूनं, चार बोटांचे ठसे. लहान, निमुळते... बाईच्या हाताचे. तो दिवा डिंकानं पक्का बंद असतो, आत हात जातच नाही. मी कडा तापवून तो उघडला, आतून पुसला, कोरडा केला, पुन्हा बंद केला. आम्ही दोघं बघत असताना काच हळूहळू पांढरी झाली – जणू आतून कुणी श्वास सोडला.

पीयूष म्हणाला, नवी काच बसवू आणि ही फेकून देऊ. माझं मन धजेना. आधी जुन्या मालकाला विचारू, म्हटलं. गाडी त्यानं पुलगावच्या अण्णाजींकडून घेतली होती. किराणा दुकान बंद करून बसलेले म्हातारे गृहस्थ. मला दुकानाच्या मालासाठी वर्ध्याला जायचंच होतं. बाबांना तसं सांगितलं, नागपूरहून मागवलेला नवा दिवा सोबत घेतला, आणि आम्ही सकाळीच निघालो.

वाटेत मी त्याला सांगून टाकलं की रविवारी नागपूरचा मुलगा मला बघायला येणार आहे. पीयूषनं नजर रस्त्यावरच ठेवली. गाडीचा वेग मात्र वाढला. वर्धा मागे पडलं तसं धुकं दाट होत गेलं. रस्त्याकडेची झाडं एकदम समोर यायची आणि नाहीशी व्हायची. मी हळू चालवा म्हटलं. त्यानं ऐकलं नाही.

तेवढ्यात उजवा दिवा गेला. विझला नाही – पांढरा होत होत बंद झाला, कुणी समोर तळहात धरावा तसा. पीयूषनं ब्रेक दाबला. मी दिवा बघायला खाली उतरले आणि जागीच थिजले. दहा पावलांवर, रस्त्याच्या मधोमध, कापसानं भरलेली ट्रॉली उभी होती. चाक निखळलेलं, मागे दिवा नाही, माणूस नाही.

पीयूष माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "मी रागात होतो," तो म्हणाला. "तुले दुसऱ्या घरी जाताना मी नाई पाहू शकत, अंजू. माझ्या घरी येजो... येशीन?"

मी वळून गाडीकडे पाहिलं. उजवा दिवा लख्ख पेटलेला होता.

अण्णाजींनी अंगणात गाडी पाहिली आणि खुर्चीतून उठलेच नाहीत. आम्ही सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग सावकाश सांगू लागले. त्यांची बायको सुलोचनाबाई, गाडी बाहेर निघायच्या आधी रोज पुढे यायची, उजव्या दिव्यावर हात ठेवायची, हळू जा म्हणायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर अण्णाजींनी जरा वेग घेतला की तो दिवा पांढरा व्हायचा. ते सहन होईना, म्हणून त्यांनी गाडी विकली.

"विकून पस्तावलो," ते म्हणाले. "थे गाडीसंगंच गेली नं."

मी अंगणातच जुना दिवा काढला, नवा बसवला. जुना ओढणीनं पुसून अण्णाजींच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, कानाशी नेला, आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. ऊन वर आलं होतं, तरी माझ्या अंगावर काटा होता. काचेवर आतून वाफ धरत होती.

मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, सुलोचना विचारून राह्यली," ते म्हणाले, "लग्नाची तारीख कवाची?"

ट्रॉलीजवळचं बोलणं आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. पीयूष माझ्याकडे बघेना.

मी अण्णाजींसमोर गुडघ्यांवर बसले. उत्तर त्यांना द्यायचं नव्हतं. मी त्या काचेजवळ तोंड नेलं आणि हळूच म्हटलं, "अक्षय तृतीयेची, आई. बाबाले आज घरी गेल्यावर सांगीन."