माणसं मोजायची

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी पुरुषोत्तम आगाशे भाड्याची व्हॅन आणायला गेले. काउंटरवरच्या बाईनं फॉर्म भरता भरता विचारलं, किती माणसं बसणार? साधा प्रश्न. आगाशे पटकन म्हणाले, "दहा." बाईनं आकडा लिहिला तसं त्यांनी हळूच सांगितलं, "सॉरी. नऊ." बाईनं आकडा खोडला आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

हे आगाशे म्हणजे अमेरिकेत शॉमबर्गमधल्या एका ऑफिसातून रिटायर झालेले गृहस्थ. शिस्तीचे इतके पक्के, की त्यांच्या घरी जेवायला जायचं तर लोक दहा मिनिटं आधीच गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून बसत. रिटायर झाल्यावर त्यांनी छंद म्हणून आपल्या मराठी मंडळींच्या छोट्या टूर काढायला सुरुवात केली. माणसं दहाच, एकही जास्त नाही. "दहाच्या वर माणूस म्हणजे गर्दी, आणि गर्दी मला सांभाळता येत नाही," असं ते तोंडावर सांगत.

माणसं मोजायची त्यांची रीत ठरलेली होती. प्रत्येकाला एक नंबर. बस असो, होडी असो, चढलं की ज्यानं त्यानं आपला नंबर मोठ्यानं म्हणायचा आणि तोही मराठीत. एक म्हणजे यतीन, नागपूरचा, आयटीतला, सदा थट्टामस्करी करणारा. सहा वीणा. सात वीणाची भाची अनिका. आठ सरला, म्हणजे आगाश्यांची बायको. नऊ नंदा. आणि शेवटी स्वतः आगाशे कडक आवाजात "दहा!" म्हणत आणि शिट्टी फुंकत. ती शिट्टी वाजल्याशिवाय चाक हलायचं नाही.

गेल्या डिसेंबरात ही टूर थायलंडला गेली होती. बँकॉकच्या देवळांचे सोन्याचे कळस पाहून झाले, पाण्यावरच्या बाजारात होडीत बसून नारळाचं आइस्क्रीम खाऊन झालं. मग भाताच्या शेतांतून जाणारी आगगाडी घेऊन मंडळी क्वाई नदीकाठी गेली. सगळं कसं घड्याळाच्या काट्यावर. फक्त अनिका तेवढी ऐकत नव्हती. अमेरिकेत जन्मलेली चोवीस वर्षांची पोर, मराठी समजायचं सगळं, पण तोंडातून इंग्रजीच यायचं. एक, दोन, तीन अशी ओळ यायची आणि मध्येच टणकन "सेव्हन!" आगाशे डोळे वटारायचे. ती हसून म्हणायची, "काका, बाय द एंड ऑफ द ट्रिप आय विल से इट इन मराठी. प्रॉमिस!"

क्वाईच्या धक्क्यावरून संध्याकाळी होडी सुटायची होती. नंबर सुरू झाले. पाच, सहा... आणि स्वच्छ, ठाशीव "सात!" आगाश्यांना इतका आनंद झाला, की वळूनसुद्धा न बघता ते म्हणाले, "शाब्बास, पोरी!" आठ, नऊ, दहा, शिट्टी. होडीवाला म्हातारा मात्र होडी सोडेना. त्यानं माणसांकडे बोट दाखवलं आणि मग आपली नऊ बोटं वर केली. आगाशे त्याच्यावर खेकसले, "टेन! ऑल टेन! गो!"

अनिका होडीत नव्हतीच. कॅमेऱ्याची बॅटरी विसरली म्हणून ती वर पळाली होती. होडी सुटताना दिसली तशी धावत आली आणि ओल्या फळ्यांवरून तिचा पाय घसरला. ती सापडली ते दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन मैल खाली.

आगाश्यांना कुणी दोष दिला नाही. वीणासुद्धा काही बोलली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. पाच महिने हा माणूस नीट जेवला नाही. पण त्या पाच महिन्यांत त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती आणि ती ते सरलाला रोज बोलून दाखवत. "चूक कुठं झाली माहितीय? त्या होडीवाल्यानं माणसं मोजली, मी आवाज मोजले. आता आवाज मोजायचे नाहीत. माणसं मोजायची, हात लावून. पुन्हा माझ्या हातून कुणीही मागे राहणार नाही."

आज अनिकाचा वाढदिवस होता. वीणाच्या मनात आलं, टूरच्या सगळ्यांनी मिळून तिच्या नावानं नदीत फुलं सोडावीत. "नदी कुठलीही असो काका, पाणी ते पाणीच," ती म्हणाली. नाही म्हणायचं आगाश्यांच्या जिभेवर आलं होतं, पण म्हणणार कुठल्या तोंडानं? दीड तासावर नदीकाठी एक स्टेट पार्क होतं, तिथं जायचं ठरलं.

निघताना त्यांनी प्रत्येकाच्या, शेवटी स्वतःच्याही, खांद्याला हात लावून मोजलं. नऊ. कुणी नंबर म्हणायचा नाही, हे आधीच बजावलं होतं. व्हॅन निघाली. दोन्ही बाजूंना मक्याची नुकती पेरलेली शेतं, वर स्वच्छ ऊन. मागे पिवळ्या शेवंतीची टोपली. हळूहळू मंडळी बोलायलाही लागली.

वाटेत पेट्रोल भरायला एका गॅस स्टेशनवर थांबले. यतीन सगळ्यात शेवटी कॉफी सांभाळत आत चढला, दार ओढलं आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "एक!"

सवय मेली वाईट. मागून लगेच "दोन" आलं. "तीन." "चार." आगाशे हात वर करून थांबवायला वळले, तोवर पाच झालं होतं. वीणाच्या तोंडून "सहा" निघालं आणि तिनं झटकन तोंडावर हात दाबला.

आणि मग कुणीतरी म्हणालं, "सात."

ठाशीव, स्वच्छ आवाज. जरासा ओला, नुकतंच पाणी पिऊन बोलावं तसा. कुठल्या सीटवरून आला ते कुणालाच सांगता आलं नसतं. गाडीत ओल्या लाकडाचा आणि डिझेलचा वास सुटला होता... क्वाईच्या धक्क्यावर होता तोच.

लगेच, त्याच आवाजात, "आठ."

नंदाच्या तोंडून नऊ काही निघालं नाही.

वीणा रडत होती आणि हसतही होती. "ती आलीय काका! अनिका आलीय! ऐकलंत ना तुम्ही? मराठीत म्हणाली!"

आगाश्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. ते हळू म्हणाले, "वीणा, अनिका कधी सात म्हणाली नाही गं. ती जिवंत होती तोवर सेव्हनच म्हणत होती. सात म्हणणारं... ते दुसरंच काहीतरी आहे."

पण त्यांचं सगळं लक्ष शेजारी होतं. शेजारच्या सीटवर सरला ओठ घट्ट मिटून बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं त्यांची बाही धरली.

"अहो... आठ मी नाही म्हणाले."

"मला माहितीय."

"मग माझा नंबर..."

"गप्प. काही होत नाही तुला," आगाशे म्हणाले. "मी आहे ना!"

ते परत फिरणार होते. पण वीणा ऐकेना. "तुम्ही सगळे जा. मला इथंच उतरवा, मी टॅक्सीनं जाईन. मला आज तिला भेटायचंय." आता या बाईला त्या मनःस्थितीत एकटीला नदीवर सोडायचं? म्हणजे पुन्हा एक माणूस मागे ठेवायचं. आगाश्यांनी मन घट्ट केलं आणि गाडी पुढे घेतली. सरलाचा डावा हात त्यांनी आपल्या उजव्या हातात घेतला आणि मनाशी म्हणाले, येऊ दे काय यायचं ते. हा हात सुटणार नाही.

नदीला वसंतातलं गढूळ पाणी होतं, दोन्ही काठ भरून चाललेलं. झाडांचा पांढरा कापूस हवेत तरंगत होता. झाडीतून उतरत जाणारी पायवाट एका लाकडी धक्क्याशी संपत होती. भर दुपार, पण आसपास दुसरं माणूस नाही. पाण्याचा खळखळ आवाज तेवढा येत होता आणि त्या आवाजातून मधूनच कुणीतरी आकडे पुटपुटतंय असं वाटत होतं. वाटत असेल, आगाश्यांनी स्वतःला समजावलं. सरलाचा हात त्यांनी इतका आवळून धरला होता, की ती म्हणाली, "अहो, बांगडी रुतते."

एकेकानं ओंजळ सोडली. वीणा शेवटी पुढे झाली. फुलं सोडायला वाकली ती वाकतच गेली, आणि शेवाळलेल्या फळीवरून तिचा पाय सटकला.

आगाशे धावले. दोन्ही हातांनी त्यांनी वीणाला दंडाला धरून मागे खेचलं. दोन्ही हातांनी! श्वास घेऊन सोडावा एवढाच काय तो वेळ. यतीन आणि बाकीचेही वीणालाच सावरायला धावले होते, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. मागे काहीतरी वाजलं, पण नदीत काय सारखंच वाजत असतं. वीणा सावरली तसा त्यांनी न बघताच मागे हात केला आणि सरलाचा हात त्यांच्या हातात आला. गार होता. पण पाण्याजवळ कुणाचा हात गार नसतो?

"चला. सगळे वर. आत्ताच्या आत्ता," ते म्हणाले.

मंडळी पायवाट चढू लागली. वळणावर धक्का झाडांआड गेला, आणि मागून हाक आली.

"अहो..."

सरलाचा आवाज. खालून, पाण्याकडून.

आगाश्यांनी शेजारी पाहिलं. सरला शेजारीच होती. तोच निळा स्वेटर, तीच टिकली. तिचा हात त्यांच्या हातात होता.

"तुला ऐकू आलं?"

"काही नाही ते. चला," ती म्हणाली.

"अहो, थांबा ना... मी इथं आहे..."

यतीन थबकला. "काका, यार, हा तर काकूंचा..."

"ऐकायचं नाही!" आगाशे ओरडले. "काकू इथं आहेत, दिसत नाहीत का तुला? आवाज मोजायचे नाहीत! चल पुढे!"

तिसरी हाक आली तेव्हा त्या आवाजाला रडू फुटलं होतं. आगाश्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते वळले नाहीत. व्हॅनशी येऊन त्यांनी एकेका खांद्याला हात लावला. नऊ. दोनदा मोजलं, नऊच. मग दारं लावली आणि गाडी अशी काही हाणली, की शॉमबर्ग येईपर्यंत कुठंही थांबले नाहीत. त्यांना मात्र पाच महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. या वेळी ते फसले नव्हते. एकही माणूस मागे राहिलं नव्हतं.

सगळ्यांना घरोघर सोडून ते घरी आले तेव्हा सहा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. सरला थेट स्वयंपाकघरात गेली, आधण ठेवल्याचा आवाज आला. आगाशे सोफ्यावर टेकतात तोच फोन वाजला.

पार्कचा रेंजर होता. शांत, मायाळू आवाजाचा माणूस. म्हणाला, "सर, घाबरू नका, तुमच्या मिसेस ठीक आहेत. धक्क्याजवळ पाण्यात पडल्या होत्या, एका फांदीला धरून काठाशी आल्या आणि तिथूनच हाका मारत होत्या. मासे पकडणाऱ्या दोघांनी तासाभरानं वर काढलं. हा नंबर त्यांनीच दिला."

"तुमचा काहीतरी घोटाळा होतोय," आगाशे म्हणाले. "माझी बायको घरी आहे."

"सर, त्या माझ्या समोर बसल्यात. ब्लँकेट गुंडाळून. थांबा, त्यांनाच देतो."

फोनवर आधी नुसते दात वाजल्याचे आवाज आले. मग सरला म्हणाली, "अहो... मी एवढ्या हाका मारल्या हो. तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत."

आवाज तर तिचाच होता. पण तो तसा नदीवरही तिचाच होता. आणि स्वयंपाकघरात कपाटाचं दार उघडल्याचा, बशा काढल्याचा आवाज येत होता. इथंही माणूस होतं, तिथंही माणूस होतं. हात लावून मोजायचं म्हटलं तर कुठं कुठं हात लावणार? पण एक गोष्ट त्यांना अगदी लख्ख कळत होती. तिथं जी कोणी थंडीनं कुडकुडत बसली होती, तिला ते पुन्हा सोडून देणार नव्हते.

"तिथंच बस, सरला. हलू नकोस," ते म्हणाले. "मी आलोच."

त्यांनी फोन अगदी हलक्या हातानं ठेवला. गाडीची किल्ली उचलली, बूट हातात घेतले आणि पावलांचा आवाज न करता दाराकडे निघाले. दाराशी जायची वाट स्वयंपाकघरावरूनच होती. ती पाठमोरी उभी राहून चहा गाळत होती. ओट्यावर तिनं तीन कप मांडले होते.

न राहवून त्यांनी विचारलं, "तीन कशाला?"

"तुम्ही तिला आणायला निघालात ना?" ती मागे न वळता म्हणाली. "लवकर या. गार होईल."