डेलोराने सोडलेली ओळ

ए टेरेल, तो फोन खिशात घाल. ऐकायचं तर नीट ऐक, नाहीतर आत जाऊन झोप. आणि मध्येच "खरंच का, मामा?" असं विचारायचं नाही. हर्शेल खोटं बोलणारा माणूस नव्हता. पत्त्यांचा डाव सोडून.

गेल्याच्या गेल्या वर्षीची गोष्ट. बारा नोव्हेंबर, मंगळवार. रात्री सव्वादहाला हर्शेल गाडीत हातोडी टाकून निघाला. काम साधं होतं. कबरस्तानात जायचं, एक कप फोडायचा, घरी यायचं. शेजारी एक्क्याऐंशी वर्षांची इझोला, मांडीवर पर्स धरून ताठ बसलेली.

इझोला म्हणजे डेलोरा टिल्मनची थोरली बहीण. डेलोरा कोण ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्या आया तिच्या गाण्यांवर भांडी घासतात. हर्शेलने तिच्या दौऱ्यांची बस एकतीस वर्षं चालवली. पण त्याच्याही आधी या दोघी पोरी आपल्याच चर्चमध्ये गायच्या. डेलोरा ओळ उचलायची, इझोला उत्तर द्यायची. ऐकून बाप्ये रडायचे. मग एकोणिसाव्या वर्षी डेलोरा मेम्फिसला गेली आणि दारूच्या अड्ड्यांवर ब्लूज, म्हणजे देवाची सोडून दुनियेची गाणी, गायला लागली. बाप चर्चचा पाद्री. त्याने भर सभेत चर्चच्या वहीतून तिचं नाव काढून टाकलं. इझोलाला बायबलवर हात ठेवायला लावून वदवून घेतलं, की हिच्याबरोबर पुन्हा कधी गाणार नाही.

बाप मेला, तरी बाईने शब्द पाळला! डेलोरा पॅरिसला गाऊन आली, राजवाड्यात जेवून आली. पण दर ऑगस्टला चर्चच्या मेळ्याला यायची आणि बाहेर गाडीत काच खाली करून बसायची. इझोला एकदाही चर्चबाहेर आली नाही. आणि प्रत्येक कार्यक्रमात, शेवटच्या गाण्यात, डेलोरा एक ओळ गायची आणि गप्प व्हायची. गाणं तिथेच सोडायची. लोकांना वाटायचं, काय ऐट आहे! टाळ्या कडाडायच्या. ती मोकळी जागा कुणाची, ते हर्शेलला ठाऊक होतं.

त्या ऑक्टोबरात डेलोरा गेली. आपल्यात मेलेल्या माणसाचा शेवटचा कप कबरीवर ठेवतात, पण फोडून. नाही फोडला तर जीव इथेच घुटमळतो. हे काम हर्शेलकडे आलं. त्याच कपात एकतीस वर्षं त्याने तिला लिंबू-मध दिलं होतं. त्याचा हात धजला नाही. तसाच ठेवला आणि कुणाला बोलला नाही. येडा कुठला!

तेव्हापासून रोज रात्री इझोलाच्या खिडकीखाली एक ओळ ऐकू यायची. एकच. मग कुणीतरी थांबल्यासारखी शांतता. महिनाभराने बाईने फोन केला.

"खरं सांग मेल्या, कप फोडलास का?"

"नाही, बाई."

"मग चल. मला झोप नाही रे."

कबरस्तानाला लागून कापसाची रिकामी शेतं. वारा पडलेला. बाई गाडीतच बसली, काच खाली. हर्शेलने टॉर्च मारला. कप होता. त्याने हात लावला...

गरम. आत काठोकाठ लिंबू-मध.

"बाई, हा कप..."

"फोड!"

त्याने हातोडी उचलली. तेवढ्यात ओळ आली. जमिनीतून. एकोणीस वर्षांच्या पोरीचा आवाज.

ओळ संपली.

शांतता...

"बाई, ती थांबलीय."

"कळतंय मला."

"एक ओळ, बाई. काय जातंय तुमचं?"

तिचे ओठ हलले. पर्स आवळली.

"बापाला शब्द दिलाय... फोड."

त्याने फोडला.

किडासुद्धा किरकिरला नाही. किती वेळ, देव जाणे. मग गाडीचं दार वाजलं. इझोला काठी न घेता चालत आली, तुकड्यांशेजारी मातीत बसली, आणि गायली. तिची ओळ. साठ वर्षांनी. आवाज पार फाटलेला. गाऊन तिने कान दिला.

काही नाही.

पुन्हा गायली. पुन्हा...

"अगं, म्हटलं ना मी! डेलोरा! आता म्हण की पुढे!"

हे सांगताना हर्शेल माझ्यासमोर हमसून हमसून रडला. साडेतीनला त्याने तिला उचलून गाडीत बसवलं. नंतर ती रोज रात्री खिडकी उघडून गायची आणि थंडीत कुडकुडत वाट बघायची. जानेवारीत गेली बिचारी. खिडकी उघडीच होती. तिचा कप हर्शेलने एका घावात फोडला.

त्याच रात्री त्याने मला बोलावून घेतलं. डेलोराची जुनी रेकॉर्ड लावली, शिकागोच्या कार्यक्रमाची, एकाहत्तर सालची. तेव्हा इझोला अठ्ठावीस वर्षांची होती. शेवटचं गाणं आलं. डेलोराने ओळ गायली. थांबली. टाळ्या आल्या नाहीत. त्या जागी एका म्हातारीचा फाटका आवाज आला.

मी नंतर तीच रेकॉर्ड दहा घरी जाऊन ऐकली. तिथे सगळीकडे टाळ्याच आहेत. हर्शेलची आता माझ्याकडे असते, वर, कपाटात.

म्हातारी ओळ पुरी करते. हॉलमध्ये कुणी खोकतसुद्धा नाही. आणि मग... डेलोरा पुढची ओळ उचलते.